थंडीतला वीकएंड: आधी ऊब ठरवा, मग कॉटेज

हिवाळ्यात मित्रांबरोबर गावाबाहेरच्या कॉटेजमध्ये दोन रात्री काढायच्या, ही कल्पना व्हॉट्सॲपवर पाच मिनिटांत सगळ्यांना पटते. लगेच ग्रुपवर फोटो पडायला लागतात. मोठ्या काचेच्या खिडक्या, बाहेर धुकं, आत पेटलेली फायरप्लेस. त्या खोलीत रात्री दोन वाजता किती गारठा असतो, हे मात्र कोणी विचारत नाही. उन्हाळ्यातल्या सहलीत घर जेमतेम असलं तरी चालून जातं, कारण दिवस बाहेरच जातो. थंडीत अंधार लवकर पडतो आणि दिवसातला बहुतेक वेळ तुम्ही त्याच चार भिंतींच्या आत, त्याच माणसांबरोबर असता. म्हणून इथे आधी माणसं ठरवायची, मग घर उबदार कसं राहील ते पाहायचं, मग तिथे किती वाजता पोहोचायचं ते. खेळ, गाणी, खिडकीतलं दृश्य यांचा विचार त्यानंतर केला तरी चालतो.

माणसं आणि तारीख

पहिल्यांदाच जाणार असाल तर सहा ते आठ जण पुरे. चौघेच असतील आणि ऐनवेळी एकाने माघार घेतली, तर उरलेल्या तिघांच्या अंगावर भाडं येतं. आठच्या वर गेलात की गट आपोआप फुटतो. स्वयंपाकघरात एक टोळकं, बाहेर एक, आणि वरच्या खोलीत झोपलेले दोघे. सगळे एका टेबलाभोवती बसू शकतील एवढीच संख्या ठेवावी, असं माझं मत आहे. टेबल लहान असेल तर माणसं कमी करा.

तारखेसाठी ‘कधी जमेल रे?’ असा मोकळा प्रश्न टाकू नका. त्याचं उत्तर महिनाभर येत नाही. तीन वीकएंड निवडा, पोल टाका, उत्तराचा शेवटचा दिवस सांगा. आणि एक नियम पहिल्याच दिवशी जाहीर करा: ज्याने आपल्या वाट्याचे पैसे भरले तो येणार. ‘मी बहुतेक येतोय’ म्हणणाऱ्यासाठी खाट राखून ठेवायची नाही. हे ऐकायला कोरडं वाटतं, पण नंतरची कटकट यानेच टळते.

एका रात्रीसाठी जाऊ नका. पहिली संध्याकाळ घर गरम होण्यात आणि सामान लावण्यात जाते, दुसऱ्या दिवशी लगेच आवराआवर. शुक्रवार ते रविवार अशा दोन रात्री हव्यातच. सोमवारी सकाळी निघता आलं तर आणखी उत्तम, कारण मग रविवारची संध्याकाळही आपली होते.

तारीख पक्की करण्याआधी दिनदर्शिकेत चंद्रही बघून घ्या. शहरापासून दूर, कोरड्या हवेच्या रात्री आकाश फार सुंदर दिसतं. डिसेंबर-जानेवारीत मृग नक्षत्र, त्याच्या मागून येणारा झगझगीत व्याध आणि वरचा कृत्तिकांचा पुंजका ओळखायला दुर्बीणही लागत नाही. अमावास्येच्या आसपास गेलात तर हे नीट दिसेल. जेवणानंतर बाहेर फेरफटका मारायची हौस असेल तर पौर्णिमेचा आठवडा बरा. डिसेंबरच्या 13-14 तारखेच्या सुमाराला मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. तो वीकएंड मोकळा मिळाला तर सोडू नका.

घर कसं बघायचं

जाहिरातीतले बहुतेक फोटो उन्हाळ्यातले किंवा पावसानंतरचे असतात. त्यांच्यावर जाऊ नका, अभिप्राय वाचा, आणि तेही फक्त कडाक्याच्या थंडीच्या महिन्यांत लिहिलेले. ‘रात्री फार गार पडलं’, ‘गरम पाणी संपलं’, ‘लाकडं ओली होती’ यांतलं एखादं वाक्य दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेलं दिसलं, तर पुढच्या घराकडे वळा.

‘दहा जणांची सोय’ या शब्दांत हॉलमधला सोफा बऱ्याचदा दोन माणसांचा धरलेला असतो. म्हणून खोल्या किती, खाटा किती, त्यांतल्या डबल किती आणि सुट्या किती, हे वेगवेगळं विचारा. मित्र म्हणजे जोडपी नव्हेत. डबल बेडवर कोण कोणाबरोबर झोपणार हा प्रश्न घरातच सुटलेला बरा, तिथे रात्री अकरा वाजता नाही. तीन-चार माणसांमागे एक बाथरूम असावं.

जागेबद्दल एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. उंचीवर गेलं की थंडी वाढते, साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सियस. पण वारा नसलेल्या, निरभ्र रात्री गार हवा जड असल्यामुळे उतारावरून घरंगळून दरीच्या तळाशी साचते. त्यामुळे अशा रात्री ओढ्याकाठचं रमणीय कॉटेज उतारावरच्या घरापेक्षा जास्त गार असू शकतं. ढगाळ रात्री त्या मानाने उबदार असतात, कारण जमिनीतून निघालेली उष्णता ढग बऱ्यापैकी अडवून परत पाठवतात. हवामानाच्या अंदाजात तापमानाबरोबर ढग आणि वाराही बघावा तो याचसाठी.

मालकाशी फोनवर बोला

मेसेजवर ‘हीटिंग आहे का’ विचारलं की ‘आहे’ एवढंच उत्तर येतं. फोन करा आणि नेमकं विचारा. घर कशाने गरम होतं, लाकडाने, गॅसने की विजेच्या हीटरने? प्रत्येक झोपायच्या खोलीत सोय आहे, की फक्त हॉलमध्ये? सरपण भाड्यात धरलंय का आणि किती? वीज गेली तर काय? पाणी तापवायची टाकी किती लिटरची?

हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण हिशोब करून बघा. पंचवीस लिटरच्या टाकीतलं चांगलं तापलेलं पाणी गार पाण्यात मिसळलं की आंघोळीजोगं चाळीसेक लिटर होतं. साधा शॉवर मिनिटाला आठ लिटरच्या आसपास पाणी घेतो. म्हणजे पाच मिनिटांत टाकी रिकामी, आणि सहा माणसं टॉवेल घेऊन रांगेत उभी. टाकी लहान असेल तर बादली वापरायची, आणि निम्म्यांनी रात्री, निम्म्यांनी सकाळी आंघोळ करायची, हे आधीच ठरवून टाका.

रस्त्याबद्दलही खोदून विचारा. शेवटचा एक-दोन किलोमीटर पक्का आहे का, ओल किंवा बर्फ असताना छोटी गाडी चढते का, गाड्या लावायला जागा किती. जवळचा दवाखाना कुठे आहे तेही लिहून घ्या. कोणाला दमा असेल तर लाकडाच्या धुराने त्रास वाढू शकतो. अशा वेळी फायरप्लेसचा मोह सोडून विजेवर गरम होणारं घर घ्यावं.

आणि सगळ्यात महत्त्वाची विनंती: आम्ही पोहोचायच्या निदान चार-पाच तास आधी घर तापवायला सुरुवात करा. त्यासाठी थोडे जास्त पैसे मागितले तर देऊन टाका. दगडामातीच्या जाड भिंतींचं, आठवडाभर बंद असलेलं घर असेल तर आतली हवा तासाभरात कोमट होते, पण भिंती आणि फरशी तापायला अख्खी रात्र लागू शकते. भिंती गार असल्या की थर्मामीटर वीस अंश दाखवत असला तरी माणूस कुडकुडतो, कारण अंगातली उष्णता त्या गार पृष्ठभागांकडे जात राहते. हीटर चालू असूनही थंडी का वाजते, याचं कारण बरेचदा हेच असतं.

पैसे

एकाने सगळं भरायचं आणि बाकीच्यांनी त्याला द्यायचं. स्प्लिटवाइजसारखं ॲप वापरा किंवा साधी वही, पण नोंद एकाच ठिकाणी असू द्या. भाडं सरसकट समान वाटू नका. स्वतंत्र खोली मिळालेल्याने थोडं जास्त आणि सोफ्यावर झोपणाऱ्याने थोडं कमी द्यावं. मद्याचा खर्च पिणाऱ्यांनी वेगळा वाटून घ्यावा. रद्द केल्यास किती दिवस आधीपर्यंत पैसे परत मिळतात आणि अनामत रक्कम कधी सुटते, हे वाचून ग्रुपवर टाका म्हणजे नंतर ‘मला माहीत नव्हतं’ ऐकावं लागत नाही.

पहिली संध्याकाळ

बिघडलेल्या बहुतेक वीकएंडची सुरुवात शुक्रवारी रात्रीच होते. कामावरून सुटून, वाहतुकीत अडकून, भुकेले लोक अनोळखी रस्त्यावर अंधारात पोहोचतात. किल्ली कुठे आहे कळत नाही, फोनला रेंज नाही, घर गारढोण, आणि जेवण काय करायचं ते ठरलेलं नाही. पुढचे दोन दिवस मग चिडचिड काढण्यात जातात. म्हणून नियोजनाची निम्मी मेहनत या एका संध्याकाळीवर खर्च करा.

शक्य असेल तर अर्धी सुट्टी टाकून उजेडी पोहोचा. सगळ्यांना जमत नसेल तर निदान एक गाडी आधी निघू दे. त्या गाडीत खोल्या उघडणारा, आग पेटवता येणारा आणि स्वयंपाक करणारा असे तिघे असले की मागून येणाऱ्यांना दारातच ऊब मिळते. सूर्यास्ताची वेळ आधी बघून ठेवा. वर्षातला सगळ्यात लहान दिवस उत्तर गोलार्धात 21-22 डिसेंबरला असतो, पण सूर्य सगळ्यात लवकर मावळतो ते दिवस त्याच्याही आधी येऊन जातात. डिसेंबरच्या सुरुवातीला अंधार अपेक्षेपेक्षा लवकर गाठतो तो यामुळे.

त्या भागाचा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. रेंज गेली तरी जीपीएस चालतं, फक्त नकाशा आत साठवलेला हवा. मालकाने पाठवलेलं लोकेशन आणि किल्लीची माहिती प्रत्येक गाडीतल्या एकाकडे स्क्रीनशॉट काढून असू द्या. धुक्यात गाडीचे दिवे लो बीमवर ठेवा. हाय बीम लावला की प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून उलटा डोळ्यांवर येतो आणि दिसतं ते आणखी कमी. थंडीत टायरमधली हवाही आकसते, त्यामुळे निघायच्या सकाळी दाब तपासा.

पहिल्या रात्रीचं जेवण घरूनच करून न्या. एका भांड्यात गरम होईल आणि वाटीत वाढून खाता येईल असं काहीही चालेल. तिथे जाऊन कांदे चिरायला बसायचं नाही. चहा-कॉफी, साखर, मीठ, तेल, काडेपेटी आणि एक धारदार सुरी वेगळ्या पिशवीत भरा आणि ती पिशवी गाडीत सगळ्यात वर ठेवा. भाड्याच्या घरातल्या सुऱ्यांनी टोमॅटोसुद्धा चिरत नाही, हा सार्वत्रिक नियम दिसतो.

आग आणि हवा

हा भाग वाचायचा कंटाळा करू नका. बाकीचं काही विसरलात तर गैरसोय होईल, हे विसरलात तर जीव जाऊ शकतो.

लाकूड, कोळसा किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. झोपलेल्या माणसाला तर काही कळतही नाही. म्हणून कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घराच्या आत कधीही आणायचा नाही. निखारे विझत आलेत, धूर येत नाही, खिडकी किंचित उघडी आहे, यांतलं कुठलंही कारण चालणार नाही. विझत आलेले निखारेही हा वायू सोडतच असतात. खोली गरम करायला गॅसच्या शेगडीचे बर्नर पेटवून ठेवणं किंवा जनरेटर व्हरांड्यात लावणं हेही त्यातच आलं.

घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, ते मालकाला विचारा. नसेल तर बॅटरीवर चालणारा विकत घेऊन जा. एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, गरगरलं, मळमळलं, तर ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणून सोडून देऊ नका. सगळ्यांनी ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यायचं आणि मदत बोलवायची. बाहेर आल्यावर बरं वाटायला लागलं तर संशय आणखी पक्का, पण म्हणून परत आत जायचं नाही. डॉक्टरांना दाखवायचंच.

आता फायरप्लेस. लाकूड वाळलेलं हवं, म्हणजे त्यातली ओल वीस टक्क्यांच्या खाली. ताज्या तोडलेल्या लाकडात यापेक्षा कितीतरी जास्त पाणी असतं आणि ते वाळायला वर्ष-दोन वर्षं लागतात. ओळखायची खूण सोपी आहे. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेल्या लाकडाचा टणक, खणखणीत आवाज येतो, ओल्याचा बद्द. वाळलेल्याच्या टोकांना भेगा पडलेल्या असतात आणि ते हाताला हलकं लागतं. ओलं लाकूड जळताना फसफसतं, धूर जास्त करतं, ऊब कमी देतं, शिवाय धुराड्यात डांबरासारखा थर चढवतं आणि पुढे त्याच थराला आग लागू शकते.

पेटवण्याआधी धुराड्याची झडप उघडी आहे ना ते हाताने तपासा. धुराडं गार असेल तर आतली जड हवा धूर वर जाऊ देत नाही आणि तो खोलीत पसरतो. म्हणून एक वर्तमानपत्र पिळून पेटवा आणि झडपेजवळ मिनिटभर धरा, हवा तापली की ओढ लागते. मग खाली मोठी लाकडं, त्यावर मध्यम, वर काटक्या आणि कागद अशी रचना करून वरून पेटवा. बहुतेक जण उलट करतात. वरून पेटवलेली आग हळूहळू खाली उतरते आणि धूर कमी करते. रॉकेल किंवा पेट्रोल ओतायचा विचारसुद्धा नको.

झोपायच्या आधी समोर जाळी लावा. निखारे धुमसत असताना झडप बंद करू नका, घरातली ऊब राहील म्हणून तर मुळीच नाही. सकाळची राख गार दिसली तरी आत निखारा दिवस-दिवस जिवंत राहू शकतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घरापासून लांब ठेवायची, प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीत नाही.

विजेच्या हीटरचं त्या मानाने सोपं आहे. दोन हजार वॅटचा हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको. बोर्डाची वायर तापून पेट घेऊ शकते. पडदे, अंथरूण आणि वाळत घातलेले मोजे हीटरपासून निदान मीटरभर लांब. तीन हीटर आणि पाण्याचा गीझर एकदम चालू केलात तर जुन्या घरातला एमसीबी पडणारच, म्हणून आंघोळीच्या वेळी एखादा हीटर बंद ठेवा.

काय न्यायचं

माणसागणिक जाडजूड एक जॅकेट न्यावं असं सगळ्यांना वाटतं. पातळ कपड्यांचे तीन थर जास्त कामाचे. अंगालगत घाम शोषून न बसणारं कापड, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं. सुती बनियन घामाने भिजला की अंगाला गार चिकटून बसतो. मोज्यांचे जोड हिशोबापेक्षा दोन जास्त घ्या आणि एक जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा. घरात घालायच्या सपाता विसरू नका, कारण गार फरशीवर अनवाणी पाय टेकवले की बाकीचे थर फुकट जातात.

टॉर्च प्रत्येकाकडे, पॉवर बँक दोन-तीन. लिथियमच्या बॅटऱ्या थंडीत लवकर माना टाकतात, फोन आतल्या खिशात ठेवला तर बराच काळ टिकतो. गरम पाण्याच्या पिशव्या न्या, त्या अंथरुणात झोपायच्या दहा मिनिटं आधी सरकवून ठेवायच्या. पिशवीत उकळतं पाणी भरू नये. औषधांची छोटी पेटी, कानटोप्या, पत्ते. स्पीकर एकच पुरे, आणि त्याचा ताबा रोज वेगळ्याकडे.

दोन दिवसांत काय करायचं

फार काही नाही. वेळापत्रक छापून आणणारा मित्र प्रत्येक गटात असतो, त्याला प्रेमाने आवरा. दिवसाला बाहेरचा एकच कार्यक्रम, तोही अकरा ते तीनच्या उन्हात. परतायची वेळ सूर्यास्ताच्या निदान तासभर आधीची. फिरायला निघताना कुठे चाललोय ते घरी थांबणाऱ्याला सांगा. मद्य घेतल्यावर त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि गरम वाटतं, पण शरीर प्रत्यक्षात उष्णता गमावत असतं. त्यामुळे दोन पेग झाल्यावर शाल टाकून तारे बघायला जायची टूम निघाली तर आधी पूर्ण जॅकेट चढवा. बाहेर डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर फोन बघायचा नाही.

कामं वाटून घ्या, पण माणसागणिक नको, जेवणागणिक वाटा. शनिवारचं दुपारचं जेवण या दोघांकडे, रात्रीचं त्या दोघांकडे. स्वयंपाक करणाऱ्यांनी भांडी घासायची नाहीत. एखाद्याला पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायचं असेल तर बसू द्या, त्याला ‘चल ना’ म्हणून उठवू नका. एवढ्या तासांच्या सहवासात थोडा एकांत सगळ्यांनाच लागतो. सूर्य मावळायच्या आधी सगळे पडदे ओढून घ्यायची सवय लावा. काचेतून जाणारी उष्णता बरीचशी तिथेच अडते.

निघताना

निघायच्या वेळेच्या दोन तास आधी आवराआवर सुरू करा. खेड्यातल्या घरांना बहुतेक वेळा सेप्टिक टँक असतो, त्यामुळे वेट वाइप्स वगैरे संडासात टाकू नका, कचऱ्यात टाका. पाणी गोठेल एवढी थंडी पडत असेल तर हीटिंग पूर्ण बंद करायचं की मंद ठेवायचं हे मालकाला विचारा. नळातलं पाणी गोठून पाइप फुटला तर अनामत रकमेवर बेतेल. प्रत्येक खोलीचा एक फोटो काढून ठेवा. चार्जर बहुतेक वेळा खाटेमागच्या सॉकेटमध्ये राहतात, तिथे वाकून बघा. हिशोब त्याच रात्री ग्रुपवर टाका, आठवडा गेला की कोणालाच नीट आठवत नाही आणि सरपणाचे पैसे कोणी दिले यावर वाद सुरू होतो.